दार वर का उघडतं?

हे दार बघा. बाजूला नाही, सरळ आभाळाकडे उघडतं. गाडी आहे मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांना दिसली आणि सीगल पक्ष्याच्या पंखांसारख्या या दारांवरून तिचं नाव पडलं ‘गलविंग’.

दारं अशी केली ती शोभेसाठी नव्हे. वजन कमी राहावं म्हणून या गाडीचा सांगाडा बारीक नळ्या जोडून तयार केला होता. त्या नळ्या दोन्ही बाजूंनी इतक्या वर आल्या की नेहमीचं दार बसवायला जागाच उरली नाही. मग ते छपराला टांगलं.

आत शिरणं म्हणजे कसरत. आधी त्या रुंद कडेवर टेकायचं, स्टीअरिंग खाली दुमडायचं, पाय आत ओढायचे आणि स्टीअरिंग परत जागेवर आणायचं. साडी नेसून कुणी करून दाखवावं! काचा खाली होत नाहीत. हवा हवी तर अख्खी काच काढून ठेवायची. उन्हाळ्यात आत भट्टी.

इंजिन मात्र काळाच्या पुढचं. तीन लिटर, सहा सिलिंडर आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारा पंप. बॉनेट बुटकं राहावं म्हणून सगळं इंजिनच एका कुशीवर कललेलं. २१५ हॉर्सपॉवर. पण वळणावर घाबरून अॅक्सिलरेटर सोडलात, तर मागची चाकं आत दुमडायची आणि गाडीची शेपूट फिरायची. जुन्या गाड्यांच्या प्रेमात हे विसरू नये.

आता मर्सिडीजचीच २०१४ ची एस-क्लास कूपे, म्हणजे दोन दारांची, बंद छपराची गाडी. तिच्या एस ५०० या मॉडेलमध्ये आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, ४५५ हॉर्सपॉवर, वजन जवळपास दोन टन. दार लावलं की सीटबेल्ट आपणहून पुढे येतो. आणि वळण आलं की, त्यासाठीची खास सस्पेन्शन घेतली असेल तर, गाडी मोटरसायकलसारखी आतल्या बाजूला कलते. फार नाही, जेमतेम अडीच अंश. पण बाहेर फेकलं जाणं कमी जाणवतं. चालवणाऱ्याला करायला फारसं काही उरत नाही. लांबच्या प्रवासाला मी हीच घेईन.

पण आरामाची ही ओढ आजची नाही. १९५७ मध्ये खुद्द ३०० एसएलची रोडस्टर, म्हणजे उघड्या छपराची गाडी, आली. सांगाडा बाजूंनी खाली घेतला, मागच्या चाकांचा अॅक्सल (आस) सुधारला. काचा खाली जाऊ लागल्या, आणि दारं चारचौघींसारखी बाजूला उघडू लागली. गलविंग कूपेचं उत्पादन त्याच वर्षी थांबलं, अवघ्या १४०० गाड्यांवर.