पहिले दहा हजार कुठे घालायचे?

(नागपुरात चामडेकाम शिकू पाहणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच एका दादांनी मोबाइलवर हत्यारांचा संच दाखवून विचारलं, ‘ताई, हा घेऊ का? साठ नग आहेत.’ आधी त्यांचंच उत्तर देऊन टाकते. नका घेऊ. त्या साठांतले बरेचसे नक्षीचे ठसे असतात. दोनदा वापराल आणि पेटीत टाकाल. उरलेल्यांत चामडं कापायची जी रापी असते तिला धार नसते आणि पंच चार भोकांत बोथट होतो. खिशात दहा हजार आहेत असं धरा. त्यातले निम्मे चामड्यात जाऊ द्या. हत्यारांना दोन-अडीच हजारांच्या वर नको. बाकीचे बक्कल, दोरा, खोकी यांच्यासाठी हाताशी ठेवा. आज बोलणार आहे ते ही वाटणी अशी का, एवढंच.

सीताबर्डीच्या फुटपाथवर बसणाऱ्या कुठल्याही चर्मकार काकांपुढे काय काय असतं ते नीट बघा. रापी, भोकं पाडायची आरी, हातोडी, खाली ऐरण, मेण लावलेला दोरा, पाण्याचं भांडं. तेवढ्यावर ते चप्पल जोडतात, बॅगेची चेन बदलतात, पट्ट्याला भोक पाडतात. रापी घासून घासून निम्मी झालेली असते, पण चामड्यातून अशी जाते की आवाज होत नाही. तुमचं सगळं काम त्या धारेवर आहे. रापीला उतार एकाच अंगाला असतो. तेवढंच अंग ओल्या दगडावर घासायचं, कोन बदलू द्यायचा नाही. दुसऱ्या सपाट अंगावर बोट हलकेच बाहेरच्या दिशेनं फिरवलं की बारीक खरखर लागते. ती सगळ्या लांबीवर सारखी लागली म्हणजे दगडाचं काम झालं. मग पातं उलटून सपाट अंगानं एक-दोन हात फिरवायचे आणि शेवटी जाड चामड्याच्या पट्टीवर हिरव्या पॉलिशची वडी घासून त्यावर पातं मागे ओढायचं. पुढे ढकललंत तर पट्टीच कापाल. वर्तमानपत्राचा सुटा कागद हवेत धरून कापता आला तर चामडं कापता येईल. कापताना हात जोर लावायला लागला की थांबा आणि पट्टीकडे जा. हात घसरून बोटं कापतात ती जास्त करून बोथट पात्यानेच.

दुसरी गोष्ट टाके मारायचा काटा, म्हणजे टाक्यांची भोकं एका ओळीत पाडायचं दातेरी हत्यार. त्यात दोन दातांचा आणि चार किंवा सहा दातांचा, दातांतलं अंतर ४ मिलिमीटर, एवढे दोन पुरे. यावर लोखंडी हातोडी मारू नका, काट्याचं डोकं पसरतं. लाकडी मोगरी नाहीतर नायलॉनची घ्या. ठोकायला खाली जड दगड लागतो, त्याला पैसे घालू नका. ओट्याचा ग्रॅनाइट कापणाऱ्या कुठल्याही दुकानात उरलेला तुकडा मागा, बहुतेक फुकट देतात. कंपास, पोलादी पट्टी, बोथट टोकाच्या दोन सुया, ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर. कड घोटायला गोल लाकडी दांडी चालते आणि कडेला लावायला किराण्यातला किंवा काष्ठौषधीच्या दुकानातला कतिरा डिंक रात्रभर भिजवून गाळून घ्या. परदेशी बाटलीत तोच डिंक शंभरपट भावानं मिळतो, बाप्पा!

आता चामडं. इथे मात्र मी थोडी रेंगाळणार आहे, कारण खरे पैसे इथे बुडतात.

बाजारात मुख्य दोन जाती आहेत. एक क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर पकवलेलं आणि दुसरं झाडाच्या साली-फळांवर पकवलेलं. क्रोमचं काम एक-दोन दिवसांत होतं, म्हणून जगातलं बहुतेक चामडं तसंच पिकतं. मऊ असतं, पाणी सोसतं, बॅगेला छान. सालीचं पकायला आठवडेच्या आठवडे लागतात. बाभळीची साल, तरवड, आणि बाळगुटीत आपण उगाळतो तोच हिरडा यावर आपल्याकडे हे काम चालत आलं आहे. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच असतं. ठसा उमटवायचा, कड घोटून काचेसारखी करायची, पट्टा ताठ ठेवायचा, तर सालीचंच हवं. क्रोमच्या चामड्याची कड कितीही घोटा, ती पिसारतेच. कुणी दुकानदार ‘दोन्हीवर चालतं’ म्हणाला तर हसा आणि पुढे चला.

ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. आतपर्यंत तांबूस-तपकिरी असेल तर बहुधा सालीचं, मधे निळसर-राखाडी रेघ दिसली तर क्रोमचं. रंग न लावलेल्या सालीच्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच पितो आणि डाग गडद होतो. आणखी एक गंमत सांगते. सालीचं चामडं ओलं असताना त्यावर लोखंड राहिलं, साधी टाचणी का असेना, की तिथे निळा-काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचाच क्षार, घालून जुने लोक शाई करायचे ना, तीच रासायनिक क्रिया तुमच्या पाकिटावर होते. लिंबाचा रस लावून हलका डाग निघतो, खोल गेलेला निघत नाही. पण ज्याला काळा पट्टा करायचा आहे त्यानं याचाच फायदा घ्यावा. व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस काही दिवस भिजवून ते पाणी गाळून चामड्याला लावा. रंग आतून काळा होतो, हाताला लागत नाही.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हणून आपल्या कामात मुख्यतः म्हशीचं आणि बकरीचं चामडं धरून चला आणि बिल घेतल्याशिवाय माल उचलू नका. म्हशीचा दाणा, म्हणजे वरच्या बाजूचा पोत, जाड, पण पट्ट्याला दणकट. बकरीचं पातळ असूनही चिवट, पाकिटाच्या आतल्या कप्प्यांना उत्तम.

चामडं चौरस फुटावर विकतात आणि माप मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. १८ च्या डोक्यावर बारीक ३ दिसला तर घाबरू नका, ते पावफुटाचं माप आहे, म्हणजे पावणेएकोणीस फूट. जाडी मिलिमीटरमध्ये विचारा. पाकिटाला १ ते १.२, बॅगेला २ च्या आसपास, पट्ट्याला ३ ते ४. आणि सगळं चामडं सारखं नसतं. पाठीचा भाग घट्ट, पोटाचा सैल. पोटाच्या भागातून काढलेला पट्टा सहा महिन्यांत वेडावाकडा ताणतो, म्हणून पट्टे पाठीच्या कण्याला समांतर काढायचे. सैल जागा ओळखायला दाण्याची बाजू आत ठेवून चामडं दुमडा. मोठ्या सुरकुत्या उठल्या तर ती जागा अस्तराला किंवा चावीच्या कीचेनला.

आपल्या शहरात फार मोठा चामडं-बाजार नाही, म्हणून लोक कुरकुरतात. पण नकाशा बघा की. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दोन्ही रेल्वेमार्गांवर नागपूर आहे. चेन्नई आणि कोलकाता, देशातले दोन मोठे चामडं-बाजार, थेट गाडीवर. कानपूरही काही फार लांब नाही. आधी हातभर नमुने मागवा, मग एकच कातडं, मग माल. अस्तराचं कापड गांधीबागेत, बक्कल-रिंगा इतवारीत फिरून बघा. बक्कल भरीव पितळेचं घ्या. मुलामा दिलेलं स्वस्त बक्कल घामानं उघडं पडतं आणि गिऱ्हाईक शिव्या चामड्याला घालतो.

घामावरून आठवलं. नागपूरचा मे चामडं वाळवतो आणि जुलै-ऑगस्ट त्यावर बुरशी आणतो. बंद पडलेल्या कूलरशेजारी कातडं ठेवू नका. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. छापील वर्तमानपत्रातही नको, शाई उतरते. सुती चादरीत सैल गुंडाळी करून भिंतीपासून दूर, वर ठेवा. उन्हाळ्यात दुपारी बंद कारमध्ये कातडं ठेवून ‘जरा दुकानात जाऊन येतो’ म्हणालात तर आल्यावर पापड मिळेल.

शिवणाचं आज फार बोलत नाही, ते हातानं दाखवावं लागतं. एक दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर. मशिनीच्या टाक्यात एक धागा तुटला की शिवण उसवत जाते, यात एका बाजूचा टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. शिवणीच्या चौपट दोरा घ्या. आणि दर टाक्याला पहिली सुई एकाच बाजूची, नाहीतर टाके एकदा उजवीकडे कलतात, एकदा डावीकडे.

आता हिशेब. बहुतेक जण इथे गप्प होतात. एक पाकीट धरू. चामडं समजा १५० रुपये फूट. पाकिटाला एक फूट लागतं, पण कातरणीत वाया जातं ते धरून २०० लावा. दोरा, डिंक, मेण ३०. खोकं ३०. हत्यारांची झीज, वीज २०. झाले २८०. शेजारच्या ताई म्हणतात, ‘पाचशेला दे ना गं.’ तुम्ही देता आणि खूश होता, २२० सुटले म्हणून. नवीन हाताला त्या पाकिटाला चार तास लागले असतात. तासाला ५५ झाले. प्रदर्शनातल्या स्टॉलच्या भाड्याचा त्या पाकिटावरचा वाटा १२० धरलात तर उरले १००, म्हणजे तासाला २५ रुपये! तासाला १२० लावून बघा. २८० आणि ४८० आणि १२०, झाले ८८०. पुढच्या कातड्यासाठी १५० सोडले तर हजाराच्या वर भाव जातो. हजाराला कोण घेईल असं वाटतं ना? मग भाव कमी करू नका, तास कमी करा. हार्डबोर्डचे फर्मे करून दहा पाकिटं एकदम कापा, एकदम भोकं पाडा, एकदम कडा घोटा. वेळ लिहून ठेवायला वही घाला. माझ्याकडे येणारी मुलं ही वही आठवडाभर लिहितात आणि सोडतात. सोडणाऱ्यांचा धंदा मी टिकलेला पाहिला नाही.

भावाचा विषय निघाला आहे तर एक अवघड गोष्ट बोलते. चामड्याचं काम या देशात जातीनं लादलं गेलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात मेलेली जनावरं ओढण्याचं काम सोडल्यावर होणाऱ्या टीकेला उत्तर दिलं. अनेक घरांनी तो धंदा ठरवून सोडला, पोटाला चिमटा घेऊन सोडला. आज आपण तोच माल ‘हँडक्राफ्टेड’ म्हणून हजाराला विकतो आणि फुटपाथवरच्या काकांशी टाक्याच्या दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. मला हे लाजिरवाणं वाटतं. रापीला धार लावायला त्यांच्याकडून शिका, आणि शिकवणीचे पैसे द्या, चहावर भागवू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन होते आणि ती फुकट आहे. कुणी एजंट दोन हजार मागत असेल तर उठून या. मालाच्या विक्रीत जीएसटीची मर्यादा आपल्याकडे वर्षाला ४० लाख आहे, पण दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर नियम वेगळे, हस्तकलेला त्यात काही सवलत आहे. तेवढं सीएला विचारा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत आणि चर्मकार त्यात आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंत, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. एका घरातून एकालाच मिळतं. संत रोहिदास महामंडळाच्या योजनाही ज्यांना लागू आहेत त्यांनी बघाव्या. आणि चपला करणार असाल तर ‘कोल्हापुरी’ नाव लावू नका. २०१९ पासून त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार, अशा आठच जिल्ह्यांचं. नागपूरची चप्पल नागपूरच्या नावानं विका, काय बिघडलं?

विकायला जागा आहेत. डिसेंबरात अधिवेशन असतं, बाहेरगावचे लोक येतात, फायली धरायच्या बॅगा आणि डायरीची कव्हरं तेव्हा चालतात. दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्राच्या क्राफ्ट मेळ्यात गिऱ्हाईक हात लावून बघतं, ते मोबाइलवर होत नाही. पोळ्याआधी बैलांच्या घुंगरांचे पट्टे मागणारे अजून आहेत, ते काम कमी समजू नका, त्यावर जाड शिवणीचा हात बसतो. ऑर्डरीला निम्मे पैसे आधी घ्या. नाव कोरायचं असेल तर स्पेलिंग व्हॉट्सॲपवर लिहून मागवा, फोनवर ऐकून कोरू नका. आणि शिवण उसवली तर फुकट दुरुस्त करून देऊ असं बिलावरच छापा. दोन सुयांची शिवण असेल तर ते वचन फारसं महाग पडत नाही.

तो साठ नगांचा संच अजून कार्टमध्ये असेल तर काढा दादा. आणि ज्यांनी स्वतःची रापी आणली आहे त्यांनी पुढच्या टेबलावर या. दगड भिजत घातले आहेत, एकेकाची धार बघून घेऊ.