टेपवरचा एक थर
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[टेबलावर ग्रॅफाइटचा तुकडा, चिमटा, चिकटपट्टीचा रोल]

ग्रॅफाइटच्या थरात कार्बनचे अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. थराथरांतली ओढ मात्र अगदी कमजोर, म्हणून तर पेन्सिल कागदावर उमटते. दोन थरांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर. मिलिमीटरभर जाडीत सुमारे ३० लाख थर. त्यातला एक सुटा करायचा आहे. अशा एकेरी थराला ग्राफीन म्हणतात.

[संग्रहातली फीत: चुंबकात तरंगणारा बेडूक]

आंद्रे गाइम. जन्म १९५८, सोची. १९८७ साली मॉस्कोजवळच्या चेर्नोगोलोव्काहून डॉक्टरेट. नेदरलँड्समध्ये नायमेखनला असताना त्यांनी १६ टेस्लाच्या चुंबकात जिवंत बेडूक तरंगवला. बेडकाच्या अंगातल्या पाण्याला चुंबक किंचित दूर लोटतं, तेवढं पुरलं. या प्रयोगासाठी २००० साली मायकेल बेरी यांच्यासोबत त्यांना इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक मिळालं.

नेहमीच्या कामाबाहेरच्या असल्या खटपटींना ते ‘शुक्रवार रात्रीचे प्रयोग’ म्हणत. साधारण १५ वर्षांत दोनेक डझन झाले, बहुतेक फसले. तीन लागले: बेडूक, पालीच्या पायासारखी चिकटणारी टेप आणि ग्राफीन. यातलं एकही अनुदानाच्या अर्जात मांडता आलं नसतं.

[मँचेस्टर, विद्यापीठाची इमारत, मग कचऱ्याची टोपली]

२००१ मध्ये गाइम मँचेस्टरला आले, पाठोपाठ कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह. ग्रॅफाइट घासून पातळ करायचं काम एका नव्या विद्यार्थ्याकडे दिलं होतं, पण घासून घासून उरला तो ठिपकाही सुमारे १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग जाड. त्यांचे सहकारी ओलेग श्क्ल्यारेव्स्की स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकावर, म्हणजे पृष्ठभागावरचे अणू दाखवणाऱ्या यंत्रावर काम करणारे. त्या कामात ग्रॅफाइटचा वरचा थर टेपने ओढून काढतात, खालचा स्वच्छ पृष्ठभाग वापरतात आणि टेप फेकून देतात. त्यांनी तीच टेप पुढे केली. टोपलीतून काढलेली, असं सांगतात. तिच्यावरचे पापुद्रे घासलेल्या ठिपक्याहून कितीतरी पातळ होते. चिमटा, टूथपिक आणि चांदीचा रंग एवढ्यावर नोवोसेलोव्ह यांनी पापुद्र्याला पहिली विद्युतजोडणी हाताने केली. व्होल्टेज दिल्यावर त्याचा विद्युतरोध काही टक्क्यांनी बदलला.

[हातांचा क्लोजअप, सलग]

आता कृती पाहा. ग्रॅफाइटचा पापुद्रा टेपवर ठेवायचा, टेप दुमडायची, उघडायची. दर वेळी नवी जागा. त्याच जागी पुन्हा दाबलं की पापुद्र्यांचा चुरा होतो. चकाकी जाऊन करडी झाक आली की थांबायचं. सिलिकॉनची चकती आधी ॲसिटोनने, मग आयसोप्रोपेनॉलने धुतलेली, शेवटी ऑक्सिजन प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित ऑक्सिजन वायूने सफाई. प्लाझ्मानंतर वेळ दवडायचा नाही, हवेतली घाण लगेच बसते. टेप चकतीवर दाबून १०० अंश सेल्सियसला दोनेक मिनिटं. मध्ये अडकलेला वायू निघून जातो, पकड वाढते. जास्त तापवलं तर डिंक चकतीवरच राहतो. गार होऊ द्यायचं, मग टेप सावकाश, जवळजवळ आडवी ठेवून काढायची. हिसका दिला तर थर फाटलाच.

[सूक्ष्मदर्शकातलं दृश्य, जांभळट पार्श्वभूमी]

खरी कसोटी शोधण्याची. चकतीवरचा सिलिकॉन ऑक्साइडचा थर ३०० नॅनोमीटर जाड असेल तर एकेरी थर फिकट सावलीसारखा दिसतो. ३१५ असेल तर दिसेनासा होतो. पाच टक्क्यांचा फरक! चकती मागवताना जाडी तपासून घ्या, बाकी कौशल्य नंतर. खात्रीसाठी रामन वर्णपट, म्हणजे थरावरून विखुरलेल्या लेसर प्रकाशाचा आलेख: २७०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास एकच सडपातळ शिखर आलं तर थर एकेरी. १३५० ला शिखर उठलं तर थरात दोष आहेत.

[क्रोमियम-सोन्याची जोडणी, आलेख]

इलेक्ट्रॉन शलाकेने जोडण्यांचा आराखडा, त्यावर क्रोमियम आणि सोनं. खालचं सिलिकॉन हेच गेट, म्हणजे ज्याला व्होल्टेज देऊन थरातला रोध बदलतात ते टोक. रोधाचं शिखर शून्य व्होल्टेजपाशी हवं. बाजूला सरकलं असेल तर पृष्ठभागावर पाणी किंवा रेझिस्टचा (आराखडा उमटवायला लावलेल्या लेपाचा) अंश उरलाय. निर्वातात तापवलं की शिखर बरंचसं शून्याकडे परत येतं.

[वृत्तपत्रांची कात्रणं, जलद]

२००४ मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत निबंध, २०१० मध्ये दोघांना नोबेल, २०१५ मध्ये मँचेस्टरला राष्ट्रीय ग्राफीन संस्था.

[हातमोजे बसवलेली बंद पेटी; पारदर्शक ठशाखाली दोन थर]

आता ग्राफीन षट्कोनी बोरॉन नायट्राइड या सपाट, वीज न वाहणाऱ्या स्फटिकावर ठेवतात. ऑक्साइडची खडबड आणि त्यातले विद्युतभार त्यामुळे दूर राहतात. थर पॉलिमरच्या ठशाने उचलायचे. ठसा भरभर टेकवला की बुडबुडे अडकतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत पाब्लो हारिलो-हेरेरो यांच्या गटाने दोन थर १.१ अंशाने फिरवून ठेवले, त्यात अतिवाहकता, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहणं, मिळाली. त्यासाठी एकच थर दोन तुकड्यांत फाडतात, एक उचलतात, खालचा टेबलासकट फिरवतात आणि पहिला त्यावर टेकवतात. तयार रचना मात्र फार तापवायची नाही. उष्णतेने थर घसरतात आणि मोजून दिलेला कोन निसटतो.