सही त्यांची, चेहरा माझा
(लघु-माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: लालबाग. चाळीची गॅलरी. पाठमोरी मुलगी, दोन वेण्या.]

या मुलीचा चेहरा तुम्हाला दिसणार नाही. चित्रीकरणाच्या संमतीपत्रावर तिच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी सही केली होती. दुसऱ्या दिवशी ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सही त्यांची, चेहरा माझा." नववीत आहे. तेव्हा पुढची काही मिनिटं तिच्या वेण्यांवर भागवा.

खोली दहा बाय बाराची, माणसं सहा. फोनवर बोलायचं तर जिन्यात जायचं, आणि जिन्यात आधीच कुणीतरी बोलत उभं असतं. आजी सांगते, "दुपारी दार नुसतं लोटलं तरी शेजारीण विचारायला येते, बरं नाही का?" 'खाजगी' हा शब्द आजीच्या तोंडी येतो तो नोकरीसाठी, नाहीतर शिकवणीसाठी.

अशा घरांतल्या मुलांशी ऑनलाइन खाजगीपणाबद्दल बोलायचं तर सुरुवात कुठून करायची?

[दृश्य: वर्ग. बाकं भिंतीला. फरशीवर खडूची रेघ.]

बाई मराठी शिकवतात. संगणकाचा तास त्यांचा नाही. त्यांनी फळ्यावर एक म्हण लिहिली: कर नाही त्याला डर कशाला? मग फरशीवर खडूने रेघ मारली. पटतं ते खिडकीकडे, पटत नाही ते दाराकडे. पहिल्या दिवशी खिडकीशी विरार लोकलसारखी गर्दी. दाराकडे तीन मुली. एकीच्या वेण्या तुम्ही पाहिल्या आहेत.

नियम दोनच. वाक्यात 'कारण' आल्याशिवाय ते मत धरायचं नाही. आणि बाईंनी टाळी वाजवली की बाजू बदलायची. आत्तापर्यंत जे खोडून काढलं, तेच आता मांडून दाखवायचं.

आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धांना काही तोटा नाही. 'सन्माननीय व्यासपीठ'पासून शेवटच्या टाळीपर्यंत सगळं पाठ. भाषण वडिलांनी लिहिलेलं, हातवारे क्लासच्या सरांनी बसवलेले. 'मोबाइल : शाप की वरदान' या विषयावर किती ढाली वाटल्या गेल्या असतील देव जाणे. मुलाला स्वतःला काय वाटतं, हे परीक्षकही विचारत नाहीत. बाईंचा राग त्यावर आहे. आमचाही आहे, हे लपवत नाही.

[दृश्य: वह्यांची पानं, जवळून. पट्टीने आखलेले रकाने.]

शाळेत फोन आणायला बंदी. म्हणून मुलांनी घरच्या फोनमधल्या परवानग्या वहीत उतरवून आणल्या. तीन रकाने: ॲप काय काम करतं, काय मागतं, कशाला. या वहीत टॉर्चच्या ॲपसमोर लिहिलंय: कॉन्टॅक्ट्स, लोकेशन. तिसऱ्या रकान्यात नुसतं प्रश्नचिन्ह, पेन्सिलने तीनदा गिरवलेलं. ही कीबोर्डची नोंद, ही पत्त्यांच्या खेळाची. ही वही एका मुलाच्या वडिलांच्या फोनची आहे. वडील टॅक्सी चालवतात. त्यांच्या ॲपला लोकेशन लागतंच, आणि 'कशाला' या रकान्यात मुलाने लिहिलंय: पोटासाठी.

[दृश्य: बाक उभं करून केलेलं दार. ठोठावण्याचा आवाज.]

हा प्रवेश मुलांनी स्वतः बसवला. उत्तर प्रदेशातला खरक सिंग. १९४१ मध्ये दरोड्याच्या आरोपावरून पकडला गेला, पुरावा नाही म्हणून सुटला. तरीही पोलिसांनी त्याचं नाव पाळतीच्या यादीत ठेवलं. रात्री-अपरात्री दार वाजवायचं, घरात आहे का बघायचं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे रात्रीचं येणं रद्द केलं. पण खाजगीपणा हा घटनेने दिलेला हक्क आहे, हे बहुमताने मान्य केलं नाही.

दार वाजवणारा मुलगा मघाशी खिडकीकडे होता. बाईंनी त्याला एवढंच विचारलं, "याचा 'कर' कुठला?"

तो खिडकीकडेच राहिला, आणि त्याचं कारणही नीट होतं. "सव्वीस अकराला सीएसटीच्या कॅमेऱ्यांत ते दोघं दिसले. कॅमेरे नसते तर?" वर्ग गप्प झाला. मुंबईतल्या मुलाला हा मुद्दा शिकवावा लागत नाही.

उत्तर वेण्यावालीने दिलं. ते आम्ही जसंच्या तसं ठेवलंय.

[दृश्य: पाठमोरी मुलगी, वर्गात उभी. तिचा आवाज.]

"चाळीत सगळे सगळ्यांना बघतात, कारण दारं उघडी असतात. पण समोरच्या काकू माझ्याकडे बघतात तेव्हा मला त्या दिसतात. मी पण त्यांच्या घरात बघते. फोन माझ्याकडे बघतो, तेव्हा पलीकडे कोण आहे ते मला दिसत नाही."

टाळी वाजली. आता तिला उलट बाजू मांडायची होती. जमली नाही. दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा हसली. तेही ठेवलंय.

[दृश्य: भिंतीवर मुलांनी लावलेला कागदी पट. साल आणि बाण.]

२०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातून निघालेल्या प्रश्नावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला: खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खरक सिंगच्या निकालातला तो भाग तिथे रद्द झाला. मुलांना मात्र वेगळीच गोष्ट आवडली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी याच निकालपत्रात १९७६ चा, आणीबाणीतला एक निर्णय चुकीचा ठरवला. तो देणाऱ्यांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. "म्हणजे बाबांना चूक म्हणता येतं?" मागच्या बाकावरून आलं. बाई म्हणाल्या, "कारण देऊन."

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, आणि मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. वर्गाने ते ऐकून घेतलं. मग एक मुलगी उठली. "पण बाई, आईच्या फोनवरचा ओटीपी मीच वाचून दाखवते. मग संमती कोणाची?" यावर सगळे हसले. बाईही.

[दृश्य: सूचनाफलक. टाचण्यांच्या खुणा, रिकामा चौकोन.]

इथे शिष्यवृत्तीची यादी लागलेली असे, नाव आणि आधार क्रमांकासकट. मुलांनी अर्ज लिहिला, यादी उतरली.

[दृश्य: वर्ग. नवी रेघ.]

आज फळ्यावर नवा विषय आहे: शाळेच्या जिन्यात कॅमेरा असावा का? खिडकीकडे निम्मे, दाराकडे निम्मे. टॅक्सीवाल्यांचा मुलगा रेघेवरच उभा आहे, एक पाय इकडे, एक तिकडे. बाई त्याला हलवत नाहीत. घंटा होते, सगळे दप्तरं उचलतात, तो तिथेच.

"थांबा ना, कारण शोधतोय."