पाद्री स्टीफन्सचं पहिलं पत्र

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय ‘ख्रिस्तपुराण’ असा छापलाय, म्हणजे पाद्री स्टीफन्सनं मराठी ओव्यांत रचलेली ख्रिस्तकथा. पुराणाकडे मी शेवटी जरासा वळेन. मला बोलायचंय ते त्याच्या छपाईच्या 37 वर्षं आधीच्या एका घरगुती पत्राबद्दल. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कुणी तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला, होता त्यांना या पत्राची जात लगेच ओळखू येईल. मुलगा लांब जातो आणि पोचल्यावर बापाला लिहितो: सुखरूप आहे, काळजी नको.

हा मुलगा म्हणजे थॉमस स्टीफन्स. विल्टशायरचा, वय तिशीच्या आसपास, रोममध्ये जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचा सदस्य, झालेला. इंग्लंडात तेव्हा कॅथलिक पाद्र्याला पाय टेकायला जागा नव्हती. 4 एप्रिल 1579 रोजी तो लिस्बनहून निघाला आणि 24 ऑक्टोबरला गोव्यात उतरला. बाप लंडनचा व्यापारी. पत्रावरची तारीख 10 नोव्हेंबर, म्हणजे येऊन जेमतेम 17 दिवस झालेले.

पहिल्यांदा वाचताना मी अधाशासारखा त्यात गोवा शोधत होतो. मांडवीचा धक्का, बाजार, आपली माणसं. सापडेनात. ओळीमागून ओळी नुसता समुद्र! पाच जहाजं कर्णे वाजवत, तोफा उडवत लिस्बनहून निघाली. जहाजावर बायका होत्या, पुष्कळ मुलं होती, आणि समुद्र पोरांना मोठ्यांपेक्षा बरा सोसतो, असं तो लिहितो. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडला, उकाड्यानं माणसं हैराण झाली. शार्क मासे, त्यांच्यासोबत पोहणारे छोटे मासे, पाण्यातून उडणारे मासे. मग तो बापाला नौकानयन समजावत बसतो: उत्तर-दक्षिण किती आलो ते आकाश सांगतं, पण पूर्व-पश्चिम मोजायला आकाशात एकही पक्की खूण नाही, तिथे सगळा अंदाजाचा कारभार. व्यापाऱ्याचाच मुलगा, हिशोब कुठे लागत नाही ते त्याला बरोबर दिसतं.

पुढचा भाग वाचताना मात्र अंगावर काटा येतो. 29 जुलैला केप ऑफ गुड होप आलं. तिथून मादागास्करच्या आतून यायचं की बाहेरून? उशीर झाला होता म्हणून बाहेरची वाट धरली. ती लांबची, मध्ये कुठे टेकायला बंदर नाही. माणसांच्या हिरड्या इतक्या सुजायच्या की कापून टाकाव्या लागायच्या. पाय सुजायचे, मग हात-पायही हलेनासे व्हायचे. दीडशेहून अधिक आजारी, 27 मेले, आणि एरवीच्या मानानं हे थोडकेच, असं जहाजावरचे लोक समजत! हे वाक्य त्यानं बापाला लिहिलंय. आईला वाचून दाखवताना बापानं ते गाळलं असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. पाण्यावर साप दिसले, झावळ्या तरंगताना दिसल्या, आता हिंदुस्थान आलाच म्हणून सगळे खूश झाले. तर प्रवाहानं जहाज नेलं थेट तांबड्या समुद्राच्या तोंडाजवळच्या सोकोत्रा बेटाच्या बाजूला.

आणि गोवा? तो पत्राच्या अगदी शेपटाला, चार-सहा वाक्यांत येतो. आमचं फार प्रेमानं स्वागत झालं. लोक सावळे आहेत. इथे तो आफ्रिकी माणसांच्या ओठा-नाकांशी तुलना करतो, आणि ते मला खटकतं. दिवस तसे होते म्हणून सोडून द्यावं असंही मला वाटत नाही. पुढे म्हणतो, साधी माणसं वीतभर फडकं आणि कमरेला दोरा एवढ्यावर असतात. आपली काश्टी, दुसरं काय? पण लगेच जोडतो की आपण एवढा साज चढवतो, तरी यांना स्वतःचा पोशाख तितकाच चांगला वाटतो. हे वाक्य लिहायला किंचित नम्रपणा लागतो.

शेवटी झाडं. युरोपात पाहिलेलं एकही झाड इथे दिसलं नाही, द्राक्षाचा वेल तेवढा सोडून, आणि तोही इथे निरुपयोगी. प्यायला चांगलं पाणी, माडाची सूर, नाहीतर ‘कोकोस’ नावाच्या फळातलं. म्हणजे आपलं आडसर, शहाळं! झाडाफळांविषयी लिहायचं तर एवढंच मोठं दुसरं पत्र लागेल, म्हणून तिथेच थांबतो.

मला हे थांबणं आवडतं. 17 दिवसांत देश कळल्याचा आव नाही. समुद्र त्यानं सहा महिने भोगला होता, म्हणून त्याच्याविषयी भरभरून लिहिलं.

बरोबर चार वर्षांनी, 24 ऑक्टोबर 1583 ला, त्यानं भावाला पत्र लिहिलं. त्या वर्षी जुलैत आपल्या साष्टी तालुक्यातल्या कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले होते. नंतर असोळणेच्या किल्ल्यावर बोलावून कुंकळ्ळीच्या गावकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, पोर्तुगिजांनी ठार केलं. साष्टीत राहून ही दुसरी बाजू विसरता येत नाही, आणि पाद्र्यांविषयी बोलताना ती टाळू नये. पण त्याच पत्रात तो इथल्या भाषांकडे वळतो. उच्चार कानाला गोड, रचना ग्रीक-लॅटिनसारखी, आणि इथलं अक्षर म्हणजे अख्खं उच्चारखंड, स्वर जोडला की बदलणारं. चार वर्षांत गडी बाराखडीला भिडला होता!

त्याचं पुराण साष्टीतल्या रायतूरला 1616 मध्ये छापलं गेलं, रोमी लिपीत, कारण आपल्या अक्षरांचे छपाईचे खिळे पाडणं जमलेलं नव्हतं. त्यातली मराठीची स्तुती तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून दाखवत नाही. फक्त उपमा बघा: फुलांत मोगरी, पाखरांत मोर. आणि झाडांत? कल्पतरू. द्राक्षाच्या वेलाखेरीज इथलं काहीच न ओळखणाऱ्या माणसाला हे झाड कुठल्याच कुळागरात दिसलं नसणार, ते त्याला ओव्यांतच भेटलं असावं. अर्थात माझी आजी परसातल्या माडालाच कल्पवृक्ष म्हणायची.