मणक्यात गॅप आलाय म्हणजे नक्की काय झालंय?

नमस्कार. माईक जरा खाली घ्या हो, नाहीतर मानेवर बोलायला आलेली बाई तासभर मान वर करून बोलेल आणि उद्या मीच कुणाकडे तरी पेशंट म्हणून जाईन.

मी फिजिओथेरपिस्ट, डोंबिवलीत पंधरा-सोळा वर्षं प्रॅक्टिस करतेय, आणि मानेचा पेशंट आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, मॅडम माझ्या मणक्यात गॅप आलाय. आता बघा, आपल्या मानेत सात मणके, जिराफाच्याही सातच बरं का, आणि त्यांच्या मधे चकत्या, म्हणजे मऊ गाद्या, ज्यांना डॉक्टर डिस्क म्हणतात, त्या असतात, म्हणजे गॅप तिथे आधीपासून आहेच, असायलाच हवा. वय वाढतं तसं चकतीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते आणि गॅप उलट कमी होतो. म्हणजे दुखण्याचं नावच उलटं पडलंय, पण एकदा का हे वाक्य डोक्यात बसलं की माणूस मान अशी जपतो जसं काही काचेचं भांडं खांद्यावर घेऊन चाललाय. वळायचं असलं की सगळं अंग वळवणार, दहा किलोची पिशवी तर सोडाच पण बादलीही उचलणार नाही, आणि सहा महिन्यांनी मान आधीपेक्षा जास्त दुखणार कारण स्नायूंना कामच नाही उरलं.

मी पण यातून गेलेय, लपवत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमधे पलंगावर लॅपटॉप ठेवून ऑनलाइन पेशंट बघत होते, तीन महिन्यांत उजवी बाजू इतकी धरली की रिक्षात मागे वळून बघता येईना. एमआरआय केला. रिपोर्टमधे सी ५-सी ६ ला, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधे, चकती फुगलेली. आणि मी, जी रोज लोकांना सांगते की घाबरू नका, ती मी रात्री दोन वाजता तो रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत बसलेली! गळ्याला पट्टा पण लावला महिनाभर. नवऱ्याने एकदाच विचारलं की तुझ्याकडे असा पेशंट आला असता तर तू काय सांगितलं असतंस, मग पट्टा कपाटात गेला तो आजतागायत तिथेच आहे.

आता त्या रिपोर्टबद्दल. जपानमधे एक मोठा अभ्यास झाला, २०१५ साली छापून आला, त्यात १२११ माणसांच्या मानेचे एमआरआय काढले, आणि गंमत अशी की यातल्या कुणालाच मानेचा त्रास नव्हता, सगळे धडधाकट. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या मुलामुलींमधेही साधारण चारातल्या तिघांना होतं. म्हणजे इथे बसलेल्या सगळ्यांना आत्ता मशीनमधे घातलं तर बहुतेकांचा रिपोर्ट 'खराब' येईल, ज्यांची मान कधी दुखली नाही त्यांचाही. केस पिकतात तसं आहे ते. एमआरआय निरुपयोगी असं मी म्हणत नाहीये, पण तो तुमच्या तक्रारीशी जुळला पाहिजे, नुसता फोटो बघून कारण सापडत नाही.

मग कारण सापडतं कसं? विचारून आणि हात लावून. मी पहिल्यांदा विचारते की मुंग्या कुठल्या बोटाला येतात. हा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो, पण अंगठ्याकडे असतील तर साधारण मानेतून निघणारी सहावी नस, मधल्या बोटाला सातवी, करंगळीला आठवी. काहीजण येतात तेच हात डोक्यावर ठेवून, कारण तसं ठेवलं की बरं वाटतं, तेव्हा निम्मं निदान दारातच होतं, नस दबलेली असण्याची शक्यता जास्त. पण रात्री बोटं बधीर होऊन जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं असं कुणी सांगितलं तर मी मान सोडून आधी मनगट बघते, तिथेही नस दबते आणि अशी माणसं वर्षानुवर्षं मानेला शेक देत बसलेली मी पाहिलीत. चक्कर येते म्हणून स्पॉन्डिलायसिसच्या, म्हणजे मानेच्या मणक्यांच्या झिजेच्या, गोळ्या खाणारेही खूप, कूस बदलली की घर गरगरतं म्हणतात, ते बऱ्याचदा कानाचं असतं. आणि विशी-तिशीतला मुलगा सांगत असेल की सकाळी अर्धा-पाऊण तास अंग आखडलेलं असतं आणि हालचाल केली की मोकळं होतं, तर त्याला मी थेट संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवते.

पण खरं सांगू, तीन महिन्यांच्या वर मान दुखणाऱ्या बहुतेकांना यातलं काहीच नसतं. तिथे कारण एक नसतं, चार-पाच छोट्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात.

माझ्याकडे एक ताई यायच्या, पोळी-भाजी केंद्र चालवतात, सकाळी दीडशे पोळ्या. दोन डॉक्टर, एक एमआरआय, गळ्यात पट्टा, सगळं झालेलं. मी त्यांना म्हटलं क्लिनिकमधे नको, मला तुमचा ओटा दाखवा. ओटा त्यांच्या उंचीला चांगलाच खाली, मान तीन-तीन तास वाकलेली, मधे एकदाही वर बघणं नाही. आम्ही पोळपाटाखाली चार इंचाचा लाकडी पाट ठेवला, दर वीस पोळ्यांनंतर दोन मिनिटं थांबायचं ठरवलं. फरक पडला, पण अर्धाच. मग एकदा बोलता बोलता कळलं की सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, ताई रात्री तीन-चार वेळा उठतात, सलग झोप अशी वर्षभर नाही. झोप नसली की तेच दुखणं दुप्पट जाणवतं, मेंदू दुखण्याचा आवाज वाढवून ठेवतो. नणंदेने आठवड्यातल्या तीन रात्री वाटून घेतल्या, तेव्हा कुठे मान खऱ्या अर्थाने सुटायला लागली. आता हे कुठल्या एमआरआयमधे दिसणार होतं सांगा?

मोबाईलचं पण विचारतात. व्हॉट्सअॅपवर फिरतं ना, मोबाईल बघताना मानेवर २७ किलो वजन येतं म्हणून? तो आकडा २०१४ च्या एका कॉम्प्युटर मॉडेलमधला आहे, माणसांच्या मानेत मोजलेला नाही. डोकं चार-पाच किलोचं असतं, ते वाकवून ठेवलं की स्नायूंना जास्त जोर लागतो हे खरंच, पण वाकणं वाईट नाही, एकाच ठिकाणी तासभर गोठून बसणं वाईट. लोकलमधे कल्याण ते सीएसएमटी मान खाली ती खालीच, घाटकोपर कधी गेलं ते पण कळत नाही.

उपचाराचं सांगते, यात माझ्याच धंद्याच्या विरोधात बोलावं लागेल. शेक, करंट, ट्रॅक्शन म्हणजे मान ताणणं, मसाज, यांनी तात्पुरता आराम पडतो, घ्या, पण त्यावरच थांबलात तर वर्षभर चकरा मारत राहाल. फिनलंडमधे २००३ मधे छापलेला एक अभ्यास आहे, ऑफिसात काम करणाऱ्या १८० बायका, सगळ्यांची जुनी मानदुखी. एका गटाने व्यायामाचा रबरबँड लावून मानेची ताकद वाढवली, दुसऱ्याने झोपून डोकं उचलायचे हलके व्यायाम केले, तिसऱ्याला स्ट्रेचिंग आणि चालणं वगैरे करा एवढंच सांगितलं. वर्षाने पहिल्या गटात ७३ टक्क्यांना बराच किंवा पूर्ण आराम, दुसऱ्यात ५९, तिसऱ्यात २१. म्हणजे मानेला जपायचं नसतं, कामाला लावायचं असतं, फक्त हळूहळू. हनुवटी मागे घेऊन पाच सेकंद धरणं, रबरबँड खुंटीला अडकवून मागे ओढणं, आठवड्यातून तीनदा. पहिले दोन आठवडे थोडं जास्त दुखेल आणि तिथेच निम्मे लोक सोडतात. दबलेली नससुद्धा बहुतेकांची काही आठवड्यांत, काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय शांत होते, धीर मात्र लागतो.

आणि सलूनमधे दाढी झाल्यावर मान कडकन मोडून घेता ना, ते आजपासून बंद. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतून जातात, झटक्याने त्यांचं अस्तर फाटू शकतं. क्वचितच होतं, पण होतं तेव्हा अर्धांगवायू होऊ शकतो.

आता हे नीट ऐका, इथे मी व्यायाम सांगत नाही, सरळ डॉक्टरांकडे पाठवते. शर्टाच्या गुंड्या लावता येईनात, सुईत दोरा ओवता येईना, चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, लघवीवर ताबा राहत नाही, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो, तिथे वेळ घालवायचा नाही. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं, यात मणक्याचा टीबी किंवा कॅन्सर नाही ना हे बघावं लागतं. आणि चालताना, जिना चढताना छातीत दाटून जबडा, मान, डावा हात दुखत असेल तर ते हृदयाचं समजून निघायचं, बाम चोळत बसायचं नाही.

उशीचा प्रश्न चिठ्ठीवर आलाय, तीनदा आलाय. महागडी उशी लागत नाही. कुशीवर झोपत असाल तर कान आणि खांदा यातलं अंतर भरेल एवढी जाड, पाठीवर झोपत असाल तर पातळ, आणि पालथं झोपत असाल तर काका, उशी कुठलीही घ्या, मान सकाळी तक्रार करणारच.