केदारनाथला चालत कधी जावे?

नमस्कार. केदारनाथच्या यात्रेचा विचार करणारी बहुतेक मराठी कुटुंबे दोनच काळ मनात धरतात: मुलांची मे महिन्याची सुट्टी, नाही तर श्रावण. मे महिन्यात गर्दीची आणि बर्फाची तयारी ठेवून जाता येते. श्रावणात मात्र चालत जाणाऱ्याने ही वाट टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. याहून चांगला काळ सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो, आणि तो किती टिकणार हे पंचांगावर ठरते.

(पडद्यावर नकाशा: गौरीकुंड ते केदारनाथ)

आधी उंचीचा अंदाज घेऊ. आपल्या कळसूबाईची उंची 1,646 मीटर आहे. ज्या गौरीकुंडापासून पायी वाट सुरू होते, तेच सुमारे 1,980 मीटरवर आहे, आणि मंदिर 3,583 मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून उंच जागेवरून निघून, सुमारे 16 किलोमीटरच्या वाटेत आणखी 1,600 मीटर वर चढायचे असते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. अशा ठिकाणी पाऊस, थंडी किंवा रांगेत ताटकळणे यांमुळे होणारा त्रास सपाटीवरच्या त्रासापेक्षा कितीतरी अधिक असतो. म्हणूनच ऋतूची निवड इतकी महत्त्वाची ठरते.

हिवाळ्यात मंदिर बंद असते आणि बाबा केदारांची पूजा खाली उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात होते. मंदिर उघडण्याची तारीख महाशिवरात्रीला तिथेच जाहीर होते, आणि दरवाजे साधारण अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वरच्या टप्प्यावर बर्फ कापून केलेल्या वाटेवरून चालावे लागते, दुपारनंतर गारा किंवा हिमवृष्टी होऊ शकते, आणि देशभरातील भाविक याच दिवसांत येत असल्यामुळे मुक्कामाची जागा मिळणे कठीण होते. शाळेच्या सुट्टीशिवाय पर्यायच नसेल, तर जूनचा पहिला आठवडा त्यातल्या त्यात बरा. गर्दी तेव्हाही असते, पण वाटेवरचा बर्फ बराच ओसरलेला असतो.

जूनच्या मध्यानंतर मात्र धोका पत्करू नये. उत्तराखंडात मोसमी पाऊस सामान्यतः जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोहोचतो, पण 2013 साली तो वेळेआधीच आला. 16 आणि 17 जूनला अतिवृष्टी झाली, वितळत्या बर्फाची तीत भर पडली, मंदिराच्या वरच्या बाजूच्या चोराबारी तलावाचा बांध फुटला, आणि मंदाकिनी नदीच्या लोंढ्यात रामबाडा ही वाटेवरची वस्ती वाहून गेली. आजची वाट नदी ओलांडून पलीकडच्या उतारावरून, लिंचोलीमार्गे जाते, ती त्यानंतर बांधली गेली. तीही अभेद्य नाही: 31 जुलै 2024 च्या रात्री झालेल्या अतिवृष्टीने ती अनेक ठिकाणी तुटली आणि वाटेत अडकलेल्या हजारो यात्रेकरूंना सुरक्षित बाहेर काढावे लागले. श्रावणात महादेवाला ब्रह्मकमळ वाहण्याची इच्छा मला पूर्णपणे समजते, कारण ते फूल पावसाळ्यातच उमलते. तरीही वयस्कर आई-वडिलांना घेऊन दरडी कोसळणाऱ्या त्या उतारांवरून जाण्याचा सल्ला मी देऊ शकत नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस माघारी फिरतो. हवेतील धूळ आणि बाष्प धुऊन गेलेले असते, आणि मंदिरामागचे 6,940 मीटर उंचीचे केदारनाथ शिखर सकाळी सहसा स्वच्छ दिसते. गणपती आटोपून पितृपक्षाच्या शेवटी किंवा नवरात्रात निघालेल्यांना बहुधा हाच काळ मिळतो. ऑक्टोबरच्या मध्यानंतर मात्र रात्रीचा पारा शून्याखाली जाऊ लागतो, त्यामुळे जाड लोकरी कपडे हवेतच.

(पडद्यावर दोन तारखा)

आता पंचांगाकडे वळू. मंदिर भाऊबीजेला बंद होते, आणि भाऊबीज दरवर्षी त्याच इंग्रजी तारखेला येत नाही. 2023 साली अधिक श्रावण असल्यामुळे ती 15 नोव्हेंबरला आली; 2025 साली ती 23 ऑक्टोबरला होती. पावसाची माघार जवळपास ठरलेल्या वेळी होते, पण दरवाजे बंद होण्याची तारीख तीन आठवड्यांनी पुढे-मागे सरकते. म्हणून अधिक मास असलेल्या वर्षी तुमच्या हाती अधिक दिवस असतात, तर इतर काही वर्षी जेमतेम तीन-चार आठवडे मिळतात. सण घरी साजरा करून, भाऊबीज आटोपून दिवाळीच्या उरलेल्या सुट्टीत निघण्याचा बेत असेल, तर तो कोणत्याही वर्षी जमणार नाही.

महिना कोणताही ठरवा, राज्य शासनाची यात्रा-नोंदणी आधी करा. आदली रात्र गुप्तकाशी किंवा सोनप्रयागला घालवा, आणि गौरीकुंडाहून पहाटेच निघा, कारण दुपारनंतर ढग दाटून येतात.

ज्यांना थंडी सोसवते, त्यांनी भाऊबीजेचाच दिवस निवडला तरी हरकत नाही. त्या दिवशी सकाळी दरवाजे बंद होतात आणि बाबा केदारांची पंचमुखी डोली पायीच खाली निघते. रामपूर आणि गुप्तकाशी येथे मुक्काम करून ती तिसऱ्या दिवशी उखीमठला पोहोचते, आणि गौरीकुंडापर्यंतची उतरण तुम्हाला तिच्या सोबतीने चालता येते.