खटकन मिटणारा फोन

(अगदी जवळून : अंगठा आणि झाकणाची फट)

आधी फ्लिप फोनचं झाकण हट्ट करतं. थोडं उचललं की परत मिटायला बघतं. आणखी जरा रेटा, आणि तेच झाकण आपणहून उघडतं. हा ‘खट्’ आवाज वरून घातलेला नाही, फोनचाच आहे.

(टेबलावर उघडलेली बिजागरी)

या खटक्यामागे मोटर नाही. एवढ्याशा नळीत एक स्प्रिंग आणि एकमेकांवर दाबून बसवलेले दोन उंचसखल तुकडे. झाकण फिरतं तसा एकाचा उंचवटा दुसऱ्यावर चढतो आणि स्प्रिंग दबते. माथा ओलांडला की तो घसरतो, आणि दबलेली स्प्रिंग उरलेलं काम करून टाकते.

आता ही पट्टी पाहा. रिपेअरवाले हिला नुसतं ‘फ्लेक्स’ म्हणतात. कागदासारखी पातळ, अंगावर तांब्याच्या बारीक रेषा. स्क्रीन वर, बॅटरी खाली. दोघींमधला सगळा व्यवहार हिच्यातून. एकाच जागी मोडू नये म्हणून बिजागरीत तिला वेटोळं दिलेलं असतं. जुन्या फोनची स्क्रीन लुकलुकायला लागली, की पहिला संशय हिच्यावरच.

झाकण मिटलंय हे फोनला कळतं ते बहुतेक वेळा एका चिमुकल्या लोहचुंबकामुळे. तो सेन्सरजवळ आला की कॉल कट.

(दोन फोन शेजारी शेजारी)

डावीकडचा मोटोरोलाचा स्टारटॅक, १९९६ चा, वजन ८८ ग्रॅम. उजवीकडचा २००४ मधला रेझर व्ही३. जाडी १३.९ मिलिमीटर आणि धातूच्या पत्र्याचा सपाट कीपॅड. असे १३ कोटींहून जास्त विकले गेले.

या फ्लिप फोनच्या ओढीला लोक जुन्या आठवणींचे कढ म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही. रागाने मिटता येईल असा दुसरा फोन दाखवा!

थ्रीजी नेटवर्क बंद होत गेली, तसे कितीतरी धडधाकट फोन मुके झाले. फोरजीवर चालणारे फ्लिप फोन मात्र आजही मिळतात.

(घडी होणारी स्क्रीन)

२०२० पासून स्क्रीनच दुमडणारे फ्लिप फोनही आले. मिटतात तेही छान. पण जुन्या फोनच्या झाकणावर वेळ आणि कोणाचा फोन आहे, एवढंच दिसायचं. यांच्या अलीकडच्या मॉडेलांना झाकणभर स्क्रीन आहे, आणि मिटल्यावरही नोटिफिकेशन येतच राहतात.